ताठ मानेचा पोशाख

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण, खापरखेडा)





या व्यासपीठावरून दरवर्षी तालीम, शिष्यवृत्ती आणि परीक्षांचे निकाल यांविषयी बोलले जाते. आजचा माझा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडेल. कर्करोगामुळे ज्या भगिनीचा स्तन शस्त्रक्रियेने काढावा लागला, आणि तो पुन्हा घडविण्याची दुसरी शस्त्रक्रिया जिने केली नाही, तिने कपडे कसे घालावेत व चारचौघींत ताठ मानेने कसे वावरावे, हा तो विषय होय. एका शिक्षकाने, त्यातही पुरुषाने, यावर का बोलावे? कारण या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे.

माझ्या थोरल्या बहिणीवर, आपावर, ही शस्त्रक्रिया झाली. जखम भरली, औषधोपचार संपले. आम्ही शुक्र मानला आणि प्रकरण मिटले असे समजलो. पण आपा लग्नाकार्याला जाईना. मी तिला म्हणालो, "आपा, बुरखा आहे ना! कोणाला काय कळणार?" ती शांतपणे म्हणाली, "बुरखा रस्त्यासाठी असतो. लग्नघरी बायकांत बसले की तो काढून ठेवावा लागतो. नजरा तिथेच असतात." बी.ए., बी.एड. झालेल्या मला एवढी साधी गोष्ट कळली नव्हती.

मित्रहो, हा प्रश्न एका घराचा नाही. भारतीय स्त्रियांत स्तनाचा कर्करोग आज सर्वांत अधिक आढळतो. २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो झाल्याचा आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्याचा अंदाज आहे. १८८२ साली अमेरिकेत डॉ. हॉल्स्टेड यांनी सुरू केलेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढले जात. आता बहुधा स्नायू राखतात. रोग लवकर सापडल्यास पुष्कळदा केवळ गाठ काढून भागते. तरीही अनेकींचा पूर्ण स्तन काढावा लागतो. पुन्हा शस्त्रक्रिया नको म्हणून, खर्च झेपत नाही म्हणून किंवा गरज वाटत नाही म्हणून त्या तशाच राहतात. हा निर्णय त्यांचा आहे आणि त्यात कमीपणा नाही.

आता प्रत्यक्ष पोशाखाकडे वळू. पहिले काही आठवडे हात वर जात नाही. म्हणून डोक्यावरून घालायचा कुर्ता नको. पुढून पूर्ण बटणांचा, सैल, मऊ सुती कुर्ता हवा. शस्त्रक्रियेच्या जागी नळी व तिची पिशवी असेल तर तिच्यासाठी आतून खिसा शिवावा. काखेतील लसिकाग्रंथी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याचा धोका पुढेही राहतो. म्हणून त्या बाजूची बाही सैल असावी आणि घट्ट बांगड्या घालू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने भिंतीवर बोटे चालवीत हात वर नेण्याचा व्यायाम करावा.

सुरुवातीला कापसाची हलकी गादी वापरतात. जखम पूर्ण भरली व डॉक्टरांनी परवानगी दिली की सिलिकोनची वजनदार गादी मिळते. वजनाचे कारण असे की एका बाजूचा भार गेल्याने खांदा व पाठ कलते आणि हलकी गादी वर सरकते. सिलिकोनची गादी महाग वाटली तर सुती धाग्याने विणलेल्या गाद्याही आहेत. अमेरिकेत बार्बरा डिमॉरेस्ट या स्वतः या शस्त्रक्रियेतून गेलेल्या बाईंनी २०११ साली अशा गाद्या विणून मोफत देण्याचे काम सुरू केले. आपल्याकडे मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन ही संस्था तेच काम करते. गादी कोणतीही असो, ब्रेसियरला आतून मऊ सुती कापडाचा खिसा शिवून तीत ठेवावी. आपाची पहिली गादी सजद्यात जाताना पुढे घसरे आणि नमाजमध्ये तिचे लक्ष लागत नसे. खिसा शिवला आणि तो त्रास संपला. चार बोटे कापड आणि अर्ध्या तासाची शिवण, एवढेच काम होते.

साडी नेसणारीसाठी सोपी गोष्ट आहे. आपला नेहमीचा पदर डाव्या खांद्यावर जातो, तेव्हा डावी बाजू आपोआप झाकते. शस्त्रक्रिया उजवीकडे असेल तर गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पदर पुढे घ्यावा. कुर्त्याला छातीचे टक घालण्याऐवजी योकखाली चुण्या घालाव्यात, गळा थोडा वर ठेवावा, कापड अगदी पातळ व एकरंगी न घेता छापील घ्यावे. आणि जिला गादी नकोच असेल तिने ती वापरू नये. पोशाख तिच्या सोयीसाठी आहे, पाहणाऱ्यांच्या समाधानासाठी नाही.

कोणी विचारील, शरीराला असे कृत्रिम अंग लावणे योग्य आहे काय? हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक लढाईत गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसविले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असूनही ही परवानगी मिळाली. जखमी माणसाचा संकोच दूर करण्याला आपल्या दीनमध्ये किती महत्त्व आहे, हे यावरून कळावे.

आता सर्वांत कठीण गोष्ट. आपाच्या मुलीसाठी रिश्ता आला तेव्हा नातलग म्हणाले, आजाराचे बोलू नका. आपा म्हणाली, "लपवून झालेला रिश्ता मला नको." तिने सांगितले. ती मंडळी पुन्हा आली नाहीत. बंधूंनो, हा रोग स्पर्शाने पसरत नाही. शंभरांतील पाच ते दहा रुग्णांतच त्याचे मूळ आनुवंशिक दोषात सापडते. ज्या घराने ही शंका डॉक्टरांना विचारायची ते घर मुलीला नाकारते, आणि त्या भीतीने दुसऱ्या घरातील आई आपली गाठ लपविते. गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून लपविणे सोपे जाते आणि उशीर होतो.

मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केलेल्या गटात, पन्नाशीच्या पुढील स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्र नव्हते, तपासणारे हात होते आणि तपासून घेण्याची तयारी होती.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पतींनी आणि भावांनी पत्नी-बहिणीबरोबर दवाखान्यात जावे, आणि गादी व कपडे घेतानाही बरोबर असावे. शिवणकाम येणाऱ्या मुलींनी खिशाची ब्रेसियर व पुढून उघडणारा कुर्ता शिवायला शिकावे. हे हुनर कोणाच्या तरी घरी नक्की उपयोगी पडेल. आणि विद्यार्थिनींनो, आज घरी गेल्यावर आपल्या अम्मीला एवढेच विचारा, "तुम्ही कधी तपासून घेतले आहे का?"

गेल्या महिन्यात आपा एका लग्नाला गेली. बुरखा काढला, खुंटीला टांगला आणि बायकांच्या मधोमध जाऊन बसली. अंगावर चुण्यांचा छापील कुर्ता होता, तिने स्वतः शिवलेला. घरी आल्यावर मी विचारले, "कोणी काही म्हणाले?" ती म्हणाली, "हो. दोघींनी कुर्त्याचे माप मागितले. एकीने मला बाजूला नेले आणि आपल्या गाठीबद्दल सांगितले."

ती भगिनी दुसऱ्याच दिवशी आपाबरोबर दवाखान्यात गेली. अल्लाह तिला शिफा देवो.

खुदा हाफिज.