पोटरीला बसू द्या

ज्वारीचे कणीस बाहेर पडण्याआधी ताटाच्या शेंड्याला पानाच्या कोषात फुगवटा दिसतो, तेव्हा शेतकरी म्हणतो, पीक पोटरीत आलं. माणसाच्या पायालाही मागून तसाच फुगवटा आहे आणि शब्दही तोच. आमच्या घरच्या बोलीत तिला पिंडली म्हणतात. पण मला पोटरीच जास्त आवडते. या शब्दात पोट आहे, आणि पोटासाठी दिवसभर उभे राहण्याचे काम तिच्याच वाट्याला येते.

तिची ताकद पाहायची असेल, तर एका पायाच्या चवड्यावर उभे राहा. तोल जाऊ नये इतपतच भिंतीला हात लावा. घोट्यापासून चवडा जितका लांब आहे, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर टाचेमागची जाड कंडरा आहे. तरफेच्या या हिशेबात तोटा पोटरीचा होतो. ६० किलोचे शरीर उचलायला तिला १२० किलोहून अधिक जोराने ओढावे लागते! आणि पाय तपासणारे तज्ज्ञ हे एकदा नाही, २५ वेळा करून दाखवा म्हणतात.

नुसते उभे असतानाही तिला सुट्टी नसते. शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो. पोटरीने मागून धरून ठेवले नाही, तर आपण तोंडावर आपटू. हे काम मुख्यतः आतल्या बाजूच्या सोलियस नावाच्या स्नायूचे. त्याचे बहुतेक तंतू सावकाश आकसणारे, लवकर न थकणारे असतात.

मग कापडाच्या दुकानात उभ्या असलेल्या मुलीचे पाय संध्याकाळी का भरून येतात? केवळ थकव्याने नव्हे. चालताना पोटरी आकसते, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. माणूस एका जागी खिळला की हा पंप जवळजवळ बंद पडतो. रक्त खाली साचते, घोटे सुजतात. अशी वर्षे गेली की शिरा फुगून वेड्यावाकड्या होण्याचा धोका वाढतो. शाळेत उभे राहण्याची शिक्षा तासाभराची असते. इथे मात्र तिलाच नोकरी म्हणतात.

केरळातल्या दुकानांत काम करणाऱ्या बायका याविरुद्ध लढल्या. २०१८ मध्ये तिथे कायदा बदलून कामगारांना बसायची सोय देणे मालकांवर बंधनकारक झाले. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. मागणी किती साधी होती पाहा: गिऱ्हाईक नसेल तेव्हा जरा टेकू द्या.

साडीच्या दुकानात आपण गादीवर ऐसपैस बसतो, चहाही घेतो. पुढच्या खेपेला जाल तेव्हा साड्या उलगडणाऱ्या मुलीच्या मागे जरा नजर टाका. स्टूल आहे का? असेल तर तिला त्यावर बसता येते, की त्यावर साड्यांचे गठ्ठे रचलेत?