छावणीतला लाल बाजार आणि दोन मिशनरी बायका

निवृत्त फौजी बोलायला उभा राहिला की लोकांना लढाई ऐकायची असते. आज लढाई नाही. आज छावणीतला एक असा कोपरा सांगणार आहे, जो रेजिमेंटच्या इतिहासाच्या जाडजूड पुस्तकांत शोधून सापडत नाही. तो जगापुढे आणला दोन ख्रिस्ती मिशनरी बायकांनी. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. तुमचा तट कोणताही असो, आधी हकिगत ऐकून घ्या.

तुमच्यातले कितीतरी जण महू, मेरठ, अंबाला, सिकंदराबाद अशा गावांत वाढलेत. छावणी म्हणजे रुंद रस्ते, कडुनिंब, पांढरा चुना मारलेले दगड. हे सगळं खरंच आहे. पण १८५७ नंतर देशात गोऱ्या शिपायांची संख्या वाढली. ते बहुतेक विशीतले, आणि लग्नाची परवानगी फार थोड्यांना. गुप्तरोगानं पलटणीच्या पलटणी इस्पितळात जाऊ लागल्या. यावर सरकारनं काढलेला तोडगा म्हणजे १८६४ चा छावणी कायदा. गोऱ्या शिपायांसाठी ठेवलेल्या बायकांची नोंदणी करायची, ठरावीक दिवशी तपासणी करायची, आजारी आढळली तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये ठेवायची. कायद्याचा सगळा बोजा बाईवर. या वस्तीला चकला किंवा लाल बाजार म्हणत. तिच्यावर देखरेख करणारी महालदारणी असे. पलटण हलली की बायकाही तिच्यामागून हलत.

१७ जून १८८६ रोजी क्वार्टरमास्टर जनरलच्या कचेरीतून एक परिपत्रक निघालं. त्याचा आशय असा, की रेजिमेंटच्या बाजारात बायका पुरेशा संख्येनं असाव्यात, त्या पुरेशा आकर्षक असाव्यात आणि त्यांच्या घरांची नीट सोय असावी. मी आयुष्यभर परिपत्रकं वाचली आणि काढलीही. ही भाषा मला ओळखीची आहे. खेचरं, बूट आणि तंबू यांची मागणी ज्या भाषेत करतात, तीच ही भाषा. तेव्हाचे सरसेनापती होते फ्रेडरिक रॉबर्ट्स, शिपायांचे लाडके 'बॉब्स'. १८८० मध्ये काबूलहून कंदाहारपर्यंत फौज नेणारा माणूस. सेनानी म्हणून मोठा, यात वाद नाही. पण परिपत्रक त्यांच्याच कारकिर्दीतलं.

अल्फ्रेड डायर नावाच्या क्वेकर पंथाच्या संपादकानं हिंदुस्थानातल्या या व्यवस्थेचा बोभाटा केला. १८८८ मध्ये हे परिपत्रक इंग्लंडात लोकांसमोर आलं. जोसेफिन बटलर या बाईंनी तिथे असलाच कायदा रद्द करून घेण्यासाठी वर्षानुवर्षं चळवळ चालवली होती, त्यामुळे वातावरण तापलेलंच होतं. जून १८८८ मध्ये कॉमन्स सभेनं ठराव केला की हिंदुस्थानातली ही पद्धत बंद व्हावी. कागदोपत्री विषय संपला. यापुढे तपासणी ऐच्छिक आहे, असं सरकार सांगू लागलं.

'ऐच्छिक'! फौजेत राहिलेल्या कोणालाही विचारा. सुभेदारसाहेबांनी रांगेसमोर उभं राहून विचारलं, "कोण कोण स्वखुशीनं पुढे येतंय?" तर स्वखुशी म्हणजे काय, हे रांगेतल्या प्रत्येकाला कळतं. इथे तर नियमातच खुंटी मारून ठेवली होती. रोगाचा संशय असलेल्या बाईनं इस्पितळात यायला नकार दिला, तर तिला छावणीच्या हद्दीबाहेर काढता येत असे. घर गेलं, पोट गेलं. आता द्या नकार.

हे तपासायला १८९१ च्या अखेरीस दोन अमेरिकन बायका आल्या, एलिझाबेथ अँड्र्यू आणि डॉक्टर केट बुशनेल. अँड्र्यू एका मेथडिस्ट पाद्र्याची विधवा. बुशनेल चीनमध्ये वैद्यकीय मिशनरी होती, आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये लाकूडतोड्यांच्या वस्त्यांतल्या कुंटणखान्यांची चौकशी तिनं आधीच केलेली होती. दोघी स्त्रियांच्या ख्रिस्ती दारूबंदी संघटनेच्या. १८९२ च्या सुरुवातीला त्यांनी दहा छावण्या पालथ्या घातल्या. लखनौ, मेरठ, अंबाला, रावळपिंडी, पेशावर ही त्यांतली काही. पद्धत साधी होती. साहेबांच्या बंगल्यावर आधी जायचं नाही. दुभाष्याला घेऊन थेट चकल्यात जायचं, बायकांजवळ बसायचं आणि विचारायचं. कुठून आलीस? कोणी आणलं? तपासणी केव्हा होते? नाही म्हटलं तर काय होतं?

एवढे दिवस हे कोणी विचारलेलंच नव्हतं. अहवाल लिहिणारे होते, आकडे पाठवणारे होते. बाईला विचारणारं कोणी नव्हतं. उत्तरं मिळाली ती अशी, की तपासणी पूर्वीसारखीच चालू आहे, महालदारणी जागेवर आहे, आणि दरसुद्धा हुद्द्याप्रमाणे ठरलेला आहे, शिपायाला चार आणे, सार्जंटला रुपया. कित्येकींना लहानपणीच विकलं किंवा फसवून आणलं होतं. सगळ्यात जास्त शरम त्यांना त्या तपासणीची वाटे. धंद्याहूनही जास्त.

१८९३ मध्ये लंडनला सरकारी समितीपुढे दोघींच्या साक्षी झाल्या. रॉबर्ट्स यांनी आधी त्यांचं म्हणणं खोडून काढलं होतं. हिंदुस्थानातल्या चौकशीतूनही तेच बाहेर आलं, तेव्हा ऑगस्टमध्ये त्यांनी दोघींची लेखी माफी मागितली. ती मागायलाही हिंमत लागते, हे मी मोकळेपणानं मान्य करतो.

पुढे सगळं सुरळीत झालं का? नाही. १८९५ मध्ये कायदा कडक झाला. त्याच सुमारास गोऱ्या फौजेत गुप्तरोगानं इस्पितळात दाखल होण्याचं प्रमाण वर्षाला हजारी पाचशेच्या वर गेलं होतं. १८९७ मध्ये पुन्हा ढील दिली गेली. त्यांच्याच संघटनेतल्या एक बड्या बाई, लेडी हेन्री सॉमरसेट, नियंत्रणाच्या बाजूनं बोलल्या आणि पुढच्या वर्षी त्यांना शब्द मागे घ्यावे लागले.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसराच प्रश्न. लाल बाजार बंद केला, मग त्यातली बाई रात्री झोपणार कुठे? अँड्र्यू आणि बुशनेल साक्षी गोळा करून गेल्या. घर उभं करणं हे वेगळं काम होतं, आणि ते आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केलं. १८८३ मध्ये इंग्लंडात असताना वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी रमाबाईंना लंडनजवळ फुलहॅमला नेऊन, समाजानं टाकलेल्या बायकांसाठी चालवलेलं काम दाखवलं होतं. आपल्या धर्मांतराच्या वाटेवर या कामाचा मोठा वाटा असल्याचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. अमेरिकेत असताना त्या याच दारूबंदी संघटनेशी जोडल्या गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. भुकेल्या पोरींना उचलून नेणारे दलाल तिथे फिरत होते. १८९९ मध्ये केडगावला अशा बायकांसाठी त्यांनी 'कृपा सदन' काढलं. मुक्ती मिशनमध्ये शेती, विणकाम, छापखाना हे सगळं बायकांच्या हाती. दयेवर जगायचं नव्हतं, काम करायचं होतं.

धर्मांतराचा आक्षेप तेव्हाही होता. १८९३ मध्ये पुण्यातल्या शारदा सदनातून पालकांनी मुली काढून नेल्या. आक्षेप खोटा होता असं मी म्हणणार नाही. प्रार्थना तिथे होतीच आणि ओढही होती. पण चकल्यातून सुटलेल्या बाईला घरात घेणारी दारं त्या काळी मोजायला बसलं तर एका हाताची बोटं पुरतील, आणि त्यांतली बरीचशी मिशनची होती. 'पतिता' हा त्यांचा शब्द मला खटकतो. पडली ती नव्हती, तिला पाडलं होतं.

आज राज्यघटनेचं तेविसावं कलम माणसांच्या व्यापाराला मनाई करतं, १९५६ पासून वेगळा कायदाही आहे. तरी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं, की संरक्षणगृहांची पाहणी करा आणि तिथे सज्ञान बायका मनाविरुद्ध ठेवलेल्या असतील तर त्यांच्या सुटकेचं बघा. सोडवून आणलेल्या बाईलाही कोणी विचारत नाही, की तुला इथे राहायचंय का?

माझं बोलणं इथे थांबवतो. ऐकणाऱ्यांत जुन्या छावण्यांमधले पुष्कळ लोक आहेत. तुमच्या गावातल्या लाल बाजाराची जागा आजीआजोबांनी कधी दाखवली असेल, तर मला जरूर कळवा. नकाशे मी गोळा करतोय, त्यांत ती जागा कोणी लिहिलेली नसते.