पाण्याचा हिशेब कोण मांडणार?

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात पिलिगा अरण्यात व लगतच्या शेतीप्रदेशात ८५० पर्यंत वायुविहिरी खोदण्याची योजना आहे. कोळशाच्या थरांतील वायू मोकळा होण्यासाठी प्रथम तेथले खारे पाणी उपसावे लागते. याच भागात झिरपणारे पाणी ग्रेट आर्टेशियन खोऱ्याच्या भूजलात भर घालते. म्हणूनच शेतकरी आणि गोमेरॉय आदिवासी विरोधासाठी उभे राहिले. सुमारे २३,००० निवेदने आली; बहुतेक सर्व विरोधी होती. तरीही २०२० मध्ये राज्याच्या स्वतंत्र नियोजन आयोगाने सशर्त मंजुरी दिली. वायूचा नफा कंपनीच्या ताळेबंदात जमा होतो; भूजलाची हानी मात्र समाजाच्या नावे पडते. ज्यांच्या विहिरी आटणार, त्यांचे मत केवळ मोजून बाजूला ठेवणारी लोकशाही अपुरीच होय.