'येतो की!' म्हणण्यापूर्वी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांचा फोन आला, "दहा मिनिटं बोलशील का बे?" मी म्हणालो, "वही बघून उद्या सांगतो." तिकडून लगेच, "पाळक झाल्यापासून लई भाव खातोस!" मित्रांनो, हा भाव नाही. ही सवय मला उशिरा लागली आणि फार महागात पडून लागली. आज तेवढंच सांगतो.

पाळकाचं काम म्हणजे रविवारची उपासना, असं तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. खरं तर रविवार सोपा असतो. बाकीचे दिवस घरभेटी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, लग्नं, दफनविधी, पंचांच्या बैठका, तरुण संघ आणि नवरा-बायकोची भांडणं. त्यात आपण सोलापूरची माणसं. कुणी बोलावलं की तोंडातून आधी "येतो की!" निघतं, विचार मागून येतो. देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं, असं मी स्वतःला सांगायचो. पण त्यात देव थोडा आणि माझा मोठेपणा जास्त होता. "पाळकसाहेब कुणाला नाही म्हणत नाहीत" हे ऐकायला गोड वाटायचं.

आमच्या मंडळीत एक आजी होत्या. आयुष्यभर विड्या वळून त्यांनी मुलं शिकवली. शेवटी अंथरुणाला खिळल्या. त्यांना प्रभुभोजन घ्यायचं होतं. मी म्हणालो, "गुरुवारी दुपारी येतो." पण त्याच गुरुवारी एका उद्घाटनाला, एका बैठकीला आणि एका वाढदिवसाच्या प्रार्थनेलाही मी हो म्हणून बसलो होतो. मुलाकडे निरोप धाडला, शुक्रवारी नक्की येतो. शुक्रवारी पहाटे आजी गेल्या.

दफनविधी आटोपल्यावर मुलगा जवळ आला. रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, "आईनं काल सकाळीच तुमच्यासाठी खुर्ची मांडायला लावली होती. रात्री उचलू का विचारलं, तर नको म्हणाली."

गुरुवारी मी तिन्ही ठिकाणी वेळेवर पोचलो होतो. तिन्ही ठिकाणी माझ्यावाचून काही अडलं नसतं.

घरी येऊन पत्नीला सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तशी एक खुर्ची पोरीच्या शाळेतही असते. दर संमेलनाला माझ्या शेजारी."

त्या दिवशी मला हिशेब कळला. माझ्या प्रत्येक होकाराची किंमत दुसरंच कुणीतरी भरत होतं.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना आपण शाळेत कवी म्हणून वाचलं. त्या काळात मी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढली. पहिल्या वाचनात मला टिळक दिसले होते, या वेळी लक्ष्मीबाई दिसल्या. टिळकांनी हातातलं कुणालाही देऊन टाकावं आणि संसाराचा मेळ लक्ष्मीबाईंनी घालावा. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरं होतं, त्याचे पुढचे बहुतेक अध्यायही लक्ष्मीबाईंनीच लिहिले. टिळकांच्या पासंगालाही मी पुरणार नाही. पण त्याच टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली, 'देवाचा दरबार' या आपल्या मनातल्या कामासाठी. मोठ्या होकारासाठी तेवढाच ठाम नकार लागतो, हे मला तिथं दिसलं.

प्रभू येशूनंही हेच केलं. कफर्णहूमात सगळं गाव दाराशी जमलं होतं. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले, सगळे तुमची वाट बघताहेत म्हणाले. तरी तो परत फिरला नाही, पुढच्या गावांना गेला. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसायचा. त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं, त्याला सांगितलं, अशानं तूही थकशील आणि लोकही. चांगली माणसं निवड आणि कामं वाटून दे. हे दोन्ही उतारे मी कितीदा तरी दुसऱ्यांना समजावून सांगितले होते!

आता चार गोष्टी पाळतो. जागच्या जागी हो म्हणत नाही. सोमवारी सुट्टी घेतो, कारण रविवारी आमची ड्यूटी असते. घरभेटींची यादी पंचांमध्ये वाटली आहे. त्यांच्यातले दोघे माझ्यापेक्षा चांगली प्रार्थना करतात, हे मला आत्ता कळलं. आणि "बघू", "प्रयत्न करतो" हे शब्द सोडले. ऐकणाऱ्याला तो होकार वाटतो आणि तो वाट बघत बसतो. येणार असलो तर हो म्हणतो, नसलो तर नाही म्हणतो.

हे खरं तर मी याच शाळेत शिकायला हवं होतं. आपले गणिताचे सर आठवा. ते आज समोरच बसले आहेत. संध्याकाळी कुणी कमिटीला बोलावलं, कुणी शिकवणीचे पैसे देऊ केले, तरी सर म्हणायचे, "नाही जमणार, माझा वर्ग असतो." तो वर्ग नापास मुलांचा होता, फुकट होता आणि शेवटच्या बाकावर मी होतो. सर, तुम्ही तेव्हा नाही म्हणालात म्हणून मी मॅट्रिक झालो.

नाही म्हटल्यानं माणसं दुखावतात, हेही खरं. गेल्या महिन्यात आपल्यातल्याच एका मित्रानं दुकानाच्या उद्घाटनाला बोलावलं. मी नाही म्हणालो. तो अजून थोडा रुसलेला आहे. मित्रा, जेवताना तुझ्याच शेजारी बसणार आहे. त्या दुपारी मी एका आजोबांकडे गेलो होतो. खुर्ची मांडलेलीच होती. मी बसलो.