आजीच्या हातातले टाळ

मी शनिशिंगणापूरचा. आमच्याकडे घरांना दारं नसतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले आणि आजीनं बोलणंच सोडलं.

तिचं गाव गोदाकाठचं. जायकवाडीच्या पाण्यात ते गेलं, शेजार पांगला. मी पडलो बीटेकवाला, उपायही तसाच काढला: मोबाईलवर समुपदेशन. आजी स्क्रीनकडे बघत गप्प. शेवटी चुलतीनं तिला जुन्या गावच्या बायकांकडे नेलं. त्या दर एकादशीला हरिपाठाला जमतात. तिथं कुणी ‘कसं वाटतंय?’ विचारलं नाही. ‘टाळ धर’ म्हणाल्या. चौथ्या एकादशीला आजी बुडालेल्या घराबद्दल बोलली. आणि रडली.

धरणग्रस्त आणि निर्वासित एक नव्हेत. निर्वासिताला तर देशही परका. तरी मला कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवलं. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं सायबेरिया, कझाकस्तानात हद्दपार केलेली ही माणसं इराणमार्गे आली होती. किती जणांची जिवाभावाची माणसं वाटेतच गेली. छावणीत त्यांनी शाळा चालवल्या, स्काउटची पथकं काढली, नाटकं बसवली. म्हणजे बघा, रोज सकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढं तरी प्रत्येकाला होतं. पुढं ही मुलं जगभर पांगली, पण संघटना बांधून एकमेकांना धरून राहिली. म्हातारपणी कोल्हापूरला भेटीलाही आली.

संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदतसंस्थांच्या समितीनं २००७ मध्ये आपत्तीतल्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात मदतीचे चार थर आहेत: तळाशी सुरक्षितता आणि मूलभूत गरजा, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, मग प्रशिक्षित कार्यकर्ते, आणि सगळ्यात वर तज्ज्ञ. मी दुसरा थर सोडून थेट वर उडी मारली होती.

वरचा थर नको, असं मी म्हणत नाही. झोप उडाली, जगणं नकोसं झालं तर डॉक्टर हवाच. पण तिथवर सोबत नेणारं माणूसही बहुतेकदा मंडळातलंच असतं.

तुमच्या गल्लीत कुणी आपलं गाव गमावून आलं असेल, तर नुसती विचारपूस करू नका. बोलवा आणि हाताला काम द्या. भेटू पुढच्या भागात.