घरात नवे पिल्लू आणताना
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय कुत्र्यांचा आहे हे कळताच काहींच्या चेहऱ्यावर हसू आलेले मला दिसते आहे. पण आपले अणदूर खंडोबाचे गाव. देवाच्या घोड्याबरोबर कुत्रे असतेच, आणि वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. त्यामुळे दारी आलेले कुत्रे आपण सहसा हाकलीत नाही. पोरे वाटेवरून पिल्लू उचलून आणतात, नाही तर पाहुण्यांकडून एखादे कारवानी पिल्लू येते. आणि वस्तीवर आधीचीच दोन कुत्री असतात. त्यांना भाकरी घालणारी कोण, तर आपणच. तेव्हा हा विषय बायकांचाच म्हणावयाचा.

पिल्लू आले की सारे घर त्याच्याभोवती जमते. लक्ष द्यावे लागते ते मात्र जुन्या कुत्र्याकडे. नवी सून उंबरठ्यात आली आणि थोरल्या जावेला कोणी विचारीनासे झाले, तर त्या घरात काय होते हे मी तुम्हाला काय सांगावे! म्हणून भाकरी आधी थोरल्याला, हाक आधी थोरल्याला, अंगावरून हात आधी थोरल्याच्या. पिल्लाला त्याचे काही वाटत नाही; थोरल्याला फार वाटते.

पिल्लू निदान आठ आठवड्यांचे असावे. आईजवळ आणि भावंडांत तेवढे दिवस काढले, म्हणजे खेळताना किती जोराने चावावे हे ते तिथेच शिकते. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पार्व्होची पहिली लस द्यावी. पुढे चार महिन्यांचे होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. तीन महिन्यांनी पिसाळण्याची लस. घरच्या कुत्र्यांचीही लस झाली आहे ना, ते आधी पाहावे. पार्व्होचे विष जमिनीत कित्येक महिने टिकते, तेव्हा ही हयगय पिल्लाच्या जिवावर बेतते.

पहिली भेट दारात घडवू नये. आपला देवसुद्धा सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गास असतो; पण ते जाणे-येणे दोन्ही गावच्या मानकऱ्यांच्या कराराने होते. (देवाची गोष्ट देवापाशी राहो, पण रीत घेण्यासारखी आहे.) पिल्लू ज्या गोणपाटावर निजले ते एक दिवस आधी जुन्या कुत्र्यांपुढे टाकावे, त्यांचे पिल्लाखाली घालावे. कुत्र्याची ओळख नाकाने होते. मग गावची कुत्री फिरत नाहीत अशा बांधावर एकेका कुत्र्याला वेगळे न्यावे. दोघे एकदम आले तर एकाच्या जोरावर दुसरा चढतो. थोरल्याच्या गळ्यातली दोरी हातात असावी, पण सैल. ताणलेल्या दोरीने कुत्रे अधिक चिडते. पिल्लाला बांधून ठेवू नये, कारण बांधलेल्याला पळता येत नाही.

पिल्लू उताणे पडून पोट दाखवील, थोडेसे मुतेलही. घाबरू नका, तो त्याचा नमस्कार आहे. थोरला हुंगून बाजूला झाला तर उत्तम. पण तो ताठ उभा राहिला, पाठीवरचे केस उभे झाले, नजर हलेना, तर त्या दिवशीचा कार्यक्रम तिथेच संपवावा.

आता गुरगुरण्याविषयी. इथेच बहुतेक घरांत गडबड होते. थोरला गुरगुरला की कोणी तरी काठी उचलते. गुरगुरणे म्हणजे ‘आता पुरे’ असे सांगणे आहे. ते मारून बंद केले, तर उद्या तो न सांगताच चावेल, आणि तेही कदाचित मध्ये आलेल्या पोराला. गुरगुरू द्या, पिल्लाला दूर करा. खरेच जुंपली तर हात घालू नका. मध्ये सूप किंवा फळी सरकवा, बादलीभर पाणी ओता. आणि कोणाला दात लागलाच, मग कुत्रे घरचे असो वा पिल्लू असो, जखम पंधरा मिनिटे साबणाच्या वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी. चुना-मिरची भरू नये.

आमच्या वस्तीवर मी भाकरी तीन कोपऱ्यांत तीन ताटल्यांत घालते आणि उरलेली लगेच उचलते. भांडणे बहुधा उष्ट्यावरूनच होतात. पिल्लाला थोरला शिरू शकणार नाही अशी एक जागा ठेवावी, बाजेखाली टोपली आडवी घातली तरी चालते. रात्री आणि आपण शेतात गेलो असता त्यांना एकत्र मोकळे सोडू नये.

किती दिवस, असे कोणी विचारील. कुठे चार दिवसांत जमते, कुठे महिना लागतो. आणि जमले तरी सहा-आठ महिन्यांनी पिल्लू वयात येते, थोरला मग त्याची लहानपणची सूट काढून घेतो, आणि ताटल्यांवर पुन्हा काही दिवस डोळा ठेवावा लागतो.