लहान मुलाचें शौचाचें आसन

मूल जन्मास येण्यापूर्वींच घरांत पाळणा येतो, बारशाच्या सुमारास खुळखुळे येतात, आणि मूल उभें राहूं लागलें कीं पांगुळगाडा येतो. या सर्वांची निवड मोठ्या हौसेनें होते. त्याच मुलाला पुढें शौचास कोठें व कशावर बसवावयाचें, हा प्रश्न मात्र ऐन वेळीं, आणि बहुधा त्रासून, सोडविला जातो. विषय उच्चारण्यास संकोच वाटतो, हें त्याचें एक कारण. परंतु या संकोचाचा त्रास ज्याला सोसावा लागतो, त्याला अद्याप नीट बोलतांही येत नसतें.

जुन्या मराठी घरांत या कामासाठीं विकत आणलेलें साधन नसे. आई किंवा आजी मोरीजवळ पाय पुढें करून बसे, दोन्ही पावलें किंचित् दूर ठेवी आणि मुलाला त्या पावलांवर बसवी. तोंडानें शू-शू असा आवाज चाले. मुलाचे गुडघे आपोआप वर येत, अंगाला ओळखीच्या माणसाचा आधार असे, आणि पडण्याचें भय नसे. या साध्या बैठकींत जे गुण होते, तेच बाजारांतील साधन पारखतांना पाहावयाचे आहेत. रंग आणि चित्रें हीं मागाहून.

मुलासाठीं वेगळें आसन करण्याची कल्पना अर्वाचीन आहे असेंही नव्हे. अथेन्सच्या प्राचीन अगोऱ्याच्या उत्खननांत इ. स. पूर्व ६ व्या शतकांतील असें एक मातीचें आसन सांपडलें असून तें तेथील संग्रहालयांत ठेवलेलें आहे. वर मूल बसावयाचा वाटीसारखा भाग, समोर पाय बाहेर काढण्यास छिद्र, आणि खालीं उंच बैठक. कुंभारानें तें काळ्या आकृतींनीं हौसेनें रंगविलें आहे. त्यांत पाय अधांतरीं राहत असले पाहिजेत, एवढा एक दोष त्या कुंभाराच्या पदरीं घालावा लागतो. आणि अडीच हजार वर्षांनंतरचे कारखानदार तोच दोष अजून करीत आहेत.

साधन कोणतें याच्या आधीं तें केव्हां आणावें हें ठरलें पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंत मूल कांहीं महिन्यांचें असतांनाच घड्याळाच्या ठोक्यावर ही शिस्त लावावी, असा उपदेश सरकारी पुस्तिकांतूनही केला जाई. पुढें टी. बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञांनीं १९६२ सालीं १,१७० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या आईबापांना, मुलाची तयारी दिसेपर्यंत थांबा, असाच सल्ला दिलेला होता. दिवसा कोरडें राहूं लागण्याचें सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने निघालें. सरासरी म्हटली कीं कोणी अलीकडे आणि कोणी पलीकडे, हें ओघानेंच आलें. शेजारच्या मुलाचा दाखला देतांना माणसें नेमकें हेंच विसरतात.

तयारी ओळखणें कठीण नाहीं. लंगोट दोन-दोन तास कोरडा राहतो. मूल आपल्या पायांनीं येऊन खालीं बसतें आणि आधाराशिवाय उठतें. ‘चेंडू आण’ म्हटलें कीं आणतें. ओलें झालें कीं कुरकुरतें, किंवा शी होतांना दाराआड जाऊन लपतें. बहुतेकांत हीं चिन्हें दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान दिसूं लागतात. त्यापूर्वीं आणलेलें भांडें डोक्यावर टोपी म्हणून घालण्याच्या उपयोगीं पडतें. येथें डायपरविषयीं एक शब्द सांगावयास हवा. तो ओलावा इतका शोषून घेतो कीं आपण ओले झालों हें मुलाला कळतच नाहीं. प्रवासांत किंवा रात्रीं तो सोयीचा असेल. पण दिवसा, शिकण्याच्या त्या कांहीं आठवड्यांत, सुती लंगोट किंवा सैल नाडीची चड्डी हाच अधिक चांगला शिक्षक होय. बटणें आणि पट्टे यांचा पोषाख त्या दिवसांत पेटींत ठेवावा.

आतां कमोडचा विचार. शहरांतील नव्या घरांतून तो सर्रास असतो, व त्याची बैठक जमिनीपासून सुमारें ४० सेंटिमीटर उंच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणें दोन वर्षांच्या मुलाची उंची ८६ सेंटिमीटरच्या आसपास येते. त्रैराशिक मांडून पाहावें: साडेपांच फूट उंचीच्या गृहस्थाला अडीच फुटांहूनही थोड्या अधिक उंच ओट्यावर, मध्यें मोठें भोंक असतांना, पाय लोंबकळत ठेवून बसावयास सांगावें, तसें हें आहे. खालीं पाणी, आणि उठतांच पाण्याची गर्जना. मूल रडलें तर नवल कसलें?

पायांचा आधार ही केवळ धीराची बाब नव्हे. आंतड्याच्या शेवटच्या भागाला एक स्नायु मागच्या बाजूनें गोफणीसारखा वेढून पुढें ओढून धरतो. मनुष्य उकिडवा बसला, गुडघे कमरेच्या वर आले, म्हणजे हा स्नायु सैल पडतो आणि मार्ग सरळ होतो. पाय अधांतरीं असले कीं मूल तोल सांभाळण्यासाठीं सारें अंग ताठ करतें आणि जो स्नायु सैल पडावयाचा तोच आवळला जातो. म्हणून कमोडवर ठेवण्याचें लहान कडें आणावयाचें असेल तर त्याबरोबर पायांखालीं घेण्याचा रुंद, न घसरणारा पाट किंवा स्टूल आणलाच पाहिजे. कडें बैठकीवर घट्ट बसतें कीं नाहीं हें घरच्या कमोडचें माप नेऊन पाहावें. सर्व बैठका एका आकाराच्या नसतात. हें साधन घेतल्यास भांडें धुण्याचें काम वांचतें आणि लहान घरांत जागाही अडत नाहीं, हा त्याचा मोठा गुण.

परंतु प्रारंभासाठीं जमिनीवर ठेवण्याचें बुटकें आसनच अधिक बरें, असें अनुभवी आयांचें म्हणणें पडतें, आणि तें सयुक्तिक आहे. मूल त्यावर कोणाच्या मदतीशिवाय बसूं व उठूं शकतें. लागली म्हणजे धांवत जाऊं शकतें. तुळशीबागेंत किंवा क्रॉफर्ड मार्केटांत अशीं आसनें रांगेनें मांडलेलीं दिसतात. तेथें बदकाचें तोंड किंवा मोटारीचें चाक पाहून भुलूं नये. आसन टेबलावर ठेवून कांठाच्या एका टोंकावर तळहातानें दाबावें. तें कलंडलें तर मूल उठतांना तेंही कलंडणार, आणि आंत जें कांहीं असेल तें जमिनीवर येणार. बूड वरच्या कांठापेक्षां रुंद असावें. मुलाला बरोबर नेऊन कपड्यांसकट बसवून पाहिलें तर दोन्ही तळपाय पुरे टेकतात कीं नाहीं हें कळतें. आंतलें भांडें वेगळें काढतां यावें, तें एकसंध व गुळगुळीत असावें. खांचाखोंचा असल्या कीं त्यांत मळ सांचतो आणि घरांत वास राहतो. मुलग्यांसाठीं समोर जो उंच उठाव केलेला असतो, तो पुष्कळदां कडक व धारदार असतो. बसतांना एकदां तेथें लागलें कीं मूल पुन्हां त्या आसनाकडे फिरकत नाहीं. उठाव बुटका व मऊ असावा. मुलग्यांनाही आरंभीं लघवीस बसूनच शिकविणें सोपें जातें.

ज्या घरीं उकिडवें बसण्याचा संडास आहे, तेथें मूळची बैठक मुलाला अनुकूलच आहे. अडचण मापाची. पावलें ठेवण्याच्या जागा मोठ्यांच्या अंतरावर असतात, मधला खळगा मुलाला विहिरीसारखा वाटतो, आणि चाळींत तर संडास गॅलरीच्या टोंकाला, अंधारांत, रांगेपलीकडे. तेथें मोरीच्या बाजूस आसन ठेवणें हाच मार्ग. दोन बाजूंस पावलें टेकण्याची जागा असलेलीं, उकिडवें बसण्याजोगीं प्लॅस्टिकचीं भांडींही मिळतात. ज्या मुलाला पुढें अशाच संडासावर जावयाचें आहे, त्याला हीं अधिक उपयोगीं.

लहान मुलाच्या शीला विटाळ नाहीं, असें म्हणून ती उघड्या गटारांत किंवा उकिरड्यावर टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं होती व आहे. ममता म्हणून हें ठीक, पण वैद्यकशास्त्र याला मान्यता देत नाहीं. मुलाच्या मळांतूनही रोगजंतु व जंतांचीं अंडीं पसरतात. मळ संडासांतच टाकावा, भांडें धुऊन उन्हांत ठेवावें, आणि धुणाऱ्याचे व मुलाचे हात साबणानें धुवावे. मुलींना धुतांना हात पुढून मागें न्यावा.

अलीकडे वाजणारीं, दिवे लावणारींही आसनें निघालीं आहेत. २०१३ सालीं अमेरिकेंतील लास व्हेगासच्या प्रदर्शनांत तर चित्रपट दाखविणारी पाटी अडकविण्याची सोय असलेलें आसन मांडलें होतें. ज्या ठिकाणीं मुलानें आपल्या पोटाकडे लक्ष द्यावयाचें, तेथेंच त्याचें लक्ष दुसरीकडे नेण्याची ही युक्ति! पांच मिनिटें बसणें पुरे. जेवणानंतर आंतड्यांना स्वाभाविक चालना मिळते. ती वेळ साधावी, आणि कांहीं न झाल्यास हंसत उठूं द्यावें.

खरा घोटाळा साधनापेक्षां घाईनें होतो. ‘आमच्या वेळीं वर्षाचें मूल सांगत असे,’ असें आजी म्हणतात, सूनबाई ओशाळतात, बालवाडीच्या प्रवेशाची तारीख जवळ येते, आणि मुलाला दाबून बसविलें जातें. त्यांतच एखादे दिवशीं शी कडक होऊन दुखतें. मग मूल ती आंवरून धरूं लागतें. आंवरल्यानें ती आणखी सुकते, आणखी दुखतें, आणि मूल आणखी आंवरतें. पुढें पोट इतकें तुंबतें कीं पातळ मळ कडेनें झिरपून चड्डी खराब होते, आणि ‘मुद्दाम करतो’ म्हणून मार बसतो. वस्तुतः तें मूल आजारी असतें. अशा वेळीं आसन कांहीं आठवडे माळ्यावर टाकावें, पाणी, फळें व भाज्या यांकडे पाहावें, आणि दुखणें, रक्त किंवा आठवड्यांत तीनाहून कमी वेळां शौचास होणें दिसल्यास डॉक्टरांकडे न्यावें. रात्रींच्या ओल्या अंथरुणाचा हिशेब यांत धरूं नये. पांच वर्षांपर्यंत तें नैसर्गिक आहे.

ज्या मुलाला मेंदूच्या विकारामुळें पाठ सांवरून बसतां येत नाहीं, त्याच्यासाठीं बाजारांतलें साधें आसन चालत नाहीं. पाठ, पट्टा व हातांना आधार असलेली खुर्ची उपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानें मापून घ्यावी लागते.

मुलाच्या वस्तु मुलाच्या मापाच्या हव्यात, हें तत्त्व मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोमच्या सान लोरेंझो वस्तींत उघडलेल्या बालगृहांत प्रत्यक्षांत आणून दाखविलें, आणि १९४५ मध्यें ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें खेड्यांतल्या मुलांसाठीं काम सुरू केलें, तेव्हां तें स्थानिक, स्वस्त साधनांनीं साधतें हेंही दिसून आलें. घरीं बुटक्या आसनावर निर्धास्त झालेलें मूल अंगणवाडींत मोठ्यांचा संडास पाहून पुन्हां चड्डींत करूं लागतें. तेव्हां पालकांनीं प्रवेशापूर्वीं तेथील संडास एकदां मुलासह पाहून यावा. मापाची बैठक नसेल तर सेविकाताईंशीं बोलून निदान पायांखालीं एखादा पाट ठेवून घ्यावा.

बहुतेक मुलें कांहीं महिन्यांत आसन मागें टाकतात. तें चांगल्या प्रतीचें असेल तर धुऊन, दोन दिवस कडक उन्हांत वाळवून धाकट्या भावंडासाठीं ठेवतां येतें. चिरलेलें किंवा कांठ तुटलेलें असेल तर मात्र मोह न धरतां टाकून द्यावें.